जावयाचं पोट

कॉलनीच्या मागच्या अंगणात, निम्मी जमिनीत आणि निम्मी वर, एक घुमटाची टाकी होती. सगळी कॉलनी तिला 'जावई' म्हणायची. वेळेवर खायला हवं, मऊ हवं, त्यात लिंबाची साल नको, कांद्याची टरफलं नकोत, आणि जरा इकडचं तिकडे झालं की हा रुसणार. रुसला की अशी घाण सुटायची की लोक खिडक्या लावून जेवायचे. नाव कुणी ठेवलं हे आता कुणी कबूल करत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याच्या घरी लग्न झालेली मुलगी नक्की असणार.

टाकी विद्यापीठानं दिली होती. घरोघरच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा लोकांनीच जिरवायचा, त्यातून गॅस करायचा आणि तो लोकांनीच वापरायचा, असा प्रयोग. विद्यापीठाकडून टाकी, पाइप आणि एक प्राध्यापिकाबाई. कॉलनीकडून अंगण आणि रोजचा कचरा. तळमजल्यावरची सायकलींची खोली रिकामी करून तिथं शेगड्या बसवल्या. बाई मनापासून काम करणाऱ्या होत्या, हे आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत तसं कुणीच वाईट नाही, आणि म्हणूनच ती सांगताना माझं डोकं फिरतं.

शेगड्या चार आणि घरं ढीगभर, तेव्हा पाळीवरून भांडणं होणारच. बाईंनी तोडगा काढला. ज्या घराची बादली जड, त्याची पाळी आधी. त्यातही शिजलेला भात, पाव, बटाटा यांना दुप्पट मान, कारण सालींपेक्षा त्यातून गॅस जास्त निघतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कचरा कमी करायला निघालेली माणसं कचरा जास्त करणाऱ्याला बक्षीस देताहेत, हे त्या टाळ्यांत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. विद्यापीठाच्याही नाही आणि कॉलनीच्या तर नाहीच नाही.

टाळ्या वाजवणाऱ्यांत अप्पा पहिल्या रांगेत होते. अप्पांनी उभी हयात एका मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवली होती. समोरचा म्हणेल त्या मजल्यावर त्याला नेऊन सोडायचं आणि हसून दार उघडायचं, एवढंच त्यांना येत होतं. साहेबाशी वाद नाही, शिपायाशी वाद नाही. बायको होती तोवर त्यांच्या वाटचं भांडण ती भांडायची. मग ती गेली, लिफ्टला बटणं आली, आणि अप्पा मुलाच्या घरी, स्वयंपाकघराबाहेरच्या पलंगावर येऊन पडले.

घर चालायचं ते सुनेच्या डब्यांवर. मुलाची नोकरी सुटली होती. तो तिनं केलेले डबे ऑफिसांत पोचवायचा आणि उरलेला वेळ आपली नोकरी कुणामुळे गेली ते सांगण्यात घालवायचा. सून मात्र कामाला वाघ. तिच्या हाताला असं माप होतं की पातेल्यात शीत उरायचं नाही. बटाट्याची साल ती इतकी पातळ काढायची की पलीकडचं दिसावं. भाज्यांचे देठ रश्श्यात, शिळा पाव भाजून सुपात. असं नेटकं घर कॉलनीत दुसरं नव्हतं. म्हणजे कचऱ्याच्या बाबतीत ते सगळ्यात कंगाल होतं.

बादली खाली नेण्याचं काम अप्पांकडे होतं. काट्यापाशी कॉलनीचे अध्यक्ष स्वतः उभे राहायचे. त्यांना वजन करण्यापेक्षा ते मोठ्यानं सांगण्यात गोडी होती.

"काय हो अप्पा, बादली आणलीत की नुसतं झाकण?"

सगळे हसायचे. अप्पाही हसायचे. हसायचं असतं तेव्हा हसावं, ही त्यांची रीत.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. डबे करणाऱ्या बाईला शेगडी सगळ्यात शेवटी मिळू लागली. तोवर आपल्या पैशाचा सिलिंडर जाळायचा किंवा डबे उशिरा पाठवायचे. दोन ऑफिसांनी उशिराचे डबे परत केले आणि दुसरीकडून मागवायला लागले. सुनेनं एकदा बादलीत पाणी ओतून बघितलं, तर अध्यक्षांनी गाळणी मागवली आणि त्या दिवशी अख्ख्या अंगणात तिचा पाणउतारा झाला. ती वर आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि कितीतरी वेळ रिकाम्या पातेल्यांकडे बघत राहिली. अप्पांना तिची दया आली. हे खरं आहे, त्यांना तिची फार दया आली.

त्याच संध्याकाळी ताट वाढताना ती म्हणाली, "अप्पा, या वयात रात्री हलकं खाल्लेलं बरं असतं, नाही का?"

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले.

"तुम्ही दिवसभर बसूनच असता. पचत नाही मग."

"नाही पचत," अप्पा म्हणाले. त्यांना दगडसुद्धा पचला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात बादलीचं झाकण उचलून पाहिलं. सालींवर त्यांचा भात बसला होता. वाटीनं मूद पाडून ठेवावी तसा, शेजारी रश्श्यातले चार वाटाणे. काट्यावर बादली ठेवताच अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. "वा! सुधारणा आहे!" घराला त्या दिवशी मधली पाळी मिळाली, डबे वेळेवर गेले, आणि सून दुपारी गाणं गुणगुणत भांडी घासत होती. अप्पांना राग यायला हवा होता. त्यांना आली ती लाज. आपण इतके दिवस या घरात किती खात होतो, असं त्यांना वाटलं.

पुढे मग हलकं म्हणजे किती हलकं, याला धरबंध राहिला नाही. मुलाचं ताट कमी करता येत नव्हतं, तो उन्हातान्हात डबे घेऊन फिरायचा. सुनेचं स्वतःचं तर ताटच नसायचं, उभ्या उभ्या चव बघण्यात तिचं जेवण व्हायचं. डबे पैशाचे. राहता राहिले अप्पा. रात्रीचं अर्धं गेलं, मग दुपारचा पाव गेला, मग बटाटे. अप्पांच्या तोंडचा घास निघायचा आणि सकाळी अप्पांच्याच हातानं काट्यावर जायचा. जावई फुगत होता. अप्पांच्या पायजम्याची नाडी मात्र रोज थोडी जास्त ओढावी लागायची.

एकदा त्यांनी मुलाजवळ विषय काढला. मुलगा पायात बूट घालत होता.

"अरे, जरा भूक लागते रे हल्ली."

मुलानं लेस ओढून बांधली. मान वर केली नाही. "अप्पा, तिला किती त्रास आहे बघता ना? आता तुम्ही पण सुरू करू नका."

"छे छे, मी सहज म्हटलं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी त्याच्यासाठी दार उघडलं.

समोरच्या दारात नर्सबाई राहायच्या. इस्पितळात नोकरी, एकट्या, तोंडानं फटकळ. माणूस किती दिवसांचा उपाशी आहे हे त्यांना गळ्याच्या हाडांवरून कळायचं. जिन्यात त्यांनी अप्पांना अडवलं. "आत या. दोन घास खाऊन जा."

"पोट भरलंय हो. आताच जेवलो."

"काय जेवलात?"

अप्पा गडबडले. "सगळं," ते म्हणाले. घराची अब्रू बादलीत घालून जिन्यात हिंडवायची त्यांची तयारी नव्हती. नर्सबाई काय समजायचं ते समजल्या, पण दुसऱ्याच्या घरात किती बोलणार?

आणि मग एका सकाळी जे व्हायचं ते झालं. काट्यापाशी रांग होती. अप्पा टाकीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तिथं सहसा कुणी जायचं नाही. आदल्या रात्री त्यांच्या वाट्याला नुसतं सूप आलं होतं, तेही पातळ. बादलीत भात होता, उकडलेली अंडी कुस्करून घातलेला. परत आलेल्या डब्यातला असणार. त्यांनी मूठ भरली आणि तोंडात कोंबली. दुसरी भरली. अध्यक्ष टाकीचा कॉक बघायला मागे आले तेव्हा अप्पांच्या हनुवटीला पिवळं लागलेलं होतं.

"अहो! कॉलनीचा माल खाताय?"

झालं. रांग मोडून सगळे मागे धावले. त्या दिवशी प्राध्यापिकाबाईही आल्या होत्या, त्याही आल्या. वरून सून आली, हातात पळी तशीच. डबे बांधत असलेला मुलगा आला. माणसांचं कडं पडलं आणि मध्ये अप्पा, एका हाताची मूठ अजून मिटलेली.

कुणीतरी हलकेच म्हणालं, "घरात जेवायला घालत नाहीत की काय?"

ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाचा लाल झाला. तो पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अप्पा, सांगा ना यांना. काय कमी आहे तुम्हाला आपल्या घरी?"

आता खरं बोलायला हीच जागा होती. नर्सबाई कडेला उभ्या होत्या, अप्पांकडे एकटक बघत. एक शब्द निघाला असता तरी त्यांनी पुढचं सगळं अंगावर घेतलं असतं. पण अप्पांना मुलाचा चेहरा दिसला. लहानपणी शाळेत मार खायच्या आधी व्हायचा तसाच झाला होता. आणि अप्पांनी आयुष्यभर केलं तेच केलं. समोरच्याला ज्या मजल्यावर जायचं होतं तिथं नेऊन सोडलं.

"खात नव्हतो," ते म्हणाले. "चाखत होतो."

"चाखत?"

"आंबलंय का ते बघत होतो. गेल्या खेपेला आंबलेलं पडलं आणि जावई रुसला, आठवतं ना? चाखलं की कळतं. आमच्यात आधीपासून चाखतात." शेवटचं वाक्य त्यांनी का जोडलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांच्यात आधीपासून कुणी काही चाखत नव्हतं.

सगळे खो खो हसले. सुटल्यासारखे हसले. उपाशी म्हातारा बघायचा कुणालाच नव्हता, चक्रम म्हातारा चालत होता. मुलानं मोठा श्वास सोडला. अध्यक्षांनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली.

प्राध्यापिकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकले. "थांबा, थांबा. म्हणजे जिभेनं तुम्हाला आंबटपणा ओळखता येतो? आमच्या कागदी पट्ट्या सारख्या संपतात! अहो, हे तर लोकांचं ज्ञान आहे. आम्ही नेमकं हेच शोधत असतो."

अप्पा हसले. हसायचं असतं तेव्हा हसावं.

तिथल्या तिथं ठरलं. अप्पा रोज सकाळी प्रत्येक बादली चाखणार. बाईंनी नियमही घालून दिले, कारण त्या काळजी घेणाऱ्या होत्या. "उष्ट्या-शिळ्याचं काम आहे, तब्येतीला जपलं पाहिजे. चाखायचं, थुंकायचं, चूळ भरायची. गिळायचं अजिबात नाही, कबूल? आणि जिभेवर दुसरी चव नको, म्हणजे सकाळी रिकाम्या पोटी या."

"कबूल," अप्पा म्हणाले.

वर आल्यावर सुनेनं दार लावलं आणि अप्पांच्या पायाशी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अप्पा, तुम्ही वाचवलंत आज. तुम्ही नसता तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती." तिनं त्यांचा हात हातात घेतला. तो हात अंड्यानं चिकट होता, तरी तिनं सोडला नाही. अप्पांना भरून आलं. वाटलं, आता ही उठेल आणि ताट वाढेल. ती उठलीही. स्वयंपाकघराच्या दारात जरा थांबली.

"सकाळी रिकाम्या पोटी यायला सांगितलंय ना बाईंनी. मग तुमचा सकाळचा पाव नको भाजायला."

"नको," अप्पा म्हणाले.

माणूस किती गोडीनं मारता येतो, हे पाहायचं असेल तर असं घर बघावं. सकाळचा पाव बादलीत गेला. चाखणाऱ्याचं घर म्हणून मान वाढला, वजनही वाढलं आणि पहिली पाळी कायमची मिळाली. सोडून गेलेली ऑफिसं परत आली. मुलगा काट्यापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहू लागला. "आमचे अप्पा आहेत म्हणून जावई ठणठणीत आहे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि अप्पा रोज एकेका बादलीत चमचा घालायचे, कुणाचा मऊ पाव, कुणाची गोड खीर, कुणाचा मटणाचा तुकडा जिभेवर ठेवायचे आणि शेजारच्या तस्तात थुंकायचे. पहिले काही दिवस ते थोडं थोडं गिळायचे. अध्यक्षांनी ते हेरलं आणि मग ते समोर उभं राहून त्यांचा गळा बघू लागले. नियम म्हणजे नियम.

चव तर काही कळत नव्हतीच. ते सगळ्यालाच "चालेल" म्हणायचे. नशिबानं जावई काही रुसला नाही.

मग विद्यापीठातून पाहुणे येणार असल्याचं कळलं. प्रयोग पुढे चालवायचा की नाही हे त्यांच्या हातात होतं. कॅमेरा येणार होता. अंगण धुतलं, बादल्या घासल्या, शेगड्या पुसल्या. बाईंनी अप्पांना बजावलं, "तुम्हीच आमचं आकर्षण आहात." मुलानं आपला एक शर्ट अप्पांना घातला. शर्टात अप्पा सापडेनात, म्हणून सुनेनं मागून पिना लावल्या. आदल्या रात्रीही तिनं काही वाढलं नव्हतं. "उद्या जीभ अगदी स्वच्छ हवी हो अप्पा," असं ती म्हणाली होती, आणि म्हणताना तिलाही ते पटलेलं होतं.

बादल्या रांगेत मांडलेल्या. पाहुणे खुर्च्यांवर. पहिली बादली नर्सबाईंची. त्यांनी ती स्वतः आणून पुढे ठेवली होती आणि अप्पांनी झाकण उचललं तेव्हा वाफ आली. कचरा नव्हताच तो. आताच शिजवलेला भात, लोणी घातलेला, वर मऊ बटाटे. नर्सबाई कॅमेऱ्याच्या आणि अप्पांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, जणू झाकण घ्यायला.

"गिळा," त्या पुटपुटल्या. "मी आड उभी आहे. गिळा लवकर."

अप्पांनी चमचा तोंडात घातला. लोणी जिभेवर विरघळलं. त्यांचे डोळे आपोआप मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासाठी काहीतरी शिजवलं होतं, आणि ते त्यांना नुसत्या जिभेनं कळलं.

"ताई, जरा बाजूला," कॅमेरावाला म्हणाला. अध्यक्षांनी नर्सबाईंचा दंड धरून त्यांना बाजूला केलं.

आता सगळे बघत होते. अप्पांचं तोंड मिटलेलं होतं.

"थुंका ना, अप्पा," प्राध्यापिकाबाई हसून म्हणाल्या.

अप्पा हलले नाहीत. तो घास त्यांना हवा होता. जन्मात त्यांनी एवढं काही मागितलं नव्हतं. गळ्याचं हाड वर गेलं आणि तिथंच अडकलं.

खुर्चीतले एक पाहुणे पुढे वाकले. "त्यांना बरं नाहीये का? फार अशक्त दिसतात. घरी नीट खातात ना?"

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. "अप्पा!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "थुंका! माझी शपथ आहे."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि थुंकले. लोण्याचा तो भात तस्तात पडला. तोंड पुसत ते म्हणाले, "चालेल."

टाळ्या झाल्या. नर्सबाई जिन्याकडे चालू लागल्या, मागे वळून बघितलं नाही.

"सुंदर," कॅमेरावाला म्हणाला. "पण मध्ये त्या बाई आल्या. परत एकदा घेऊ. आजोबांचा हात थरथरतोय, घरच्या कुणी भरवलं तर?"

सून लगबगीनं पुढे आली. तिनं पदर खोचला, चमचा भरून घेतला, फुंकर घालून निववला, आणि लेकराला भरवावं तसा अप्पांच्या तोंडात घातला. दुसऱ्या हातानं हनुवटीखाली तस्त धरलं.

"किती प्रेमळ घर आहे," प्राध्यापिकाबाई पाहुण्यांना म्हणाल्या. त्यांनी खरोखर डोळे टिपले.

अप्पांनी घास तोंडात धरला.

"हं, अप्पा," सून लाडानं म्हणाली, "थुंका आता."